श्रीमंत बाप, गरीब बाप आणि आमचा बाप

बेस्टसेलरच्या छापील याद्यांपेक्षा माझा पदपथावरच्या पुस्तकवाल्यावर जास्त भरवसा आहे. त्याची जागा सतरंजीएवढी. सकाळी माल मांडायचा, रात्री बांधायचा, मध्येच पाऊस आला की प्लॅस्टिक ओढायचं. जे पुस्तक खपत नाही त्याचं ओझं तो दुसऱ्या दिवशी उचलून आणत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत चर्चगेटहून फाउंटनकडे चालताना त्याच्यापुढे जे मांडलेलं दिसतं, ती माझ्या लेखी खरी यादी. आणि त्या सतरंजीचा मधला पट्टा गेली कित्येक वर्षं हललेला नाही. 'रिच डॅड पुअर डॅड', त्याला खेटून 'थिंक अँड ग्रो रिच', 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन', ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर', आणि अलीकडे सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलेलं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी'. इंग्रजीही, मराठीही. बऱ्याच प्रती चोरून छापलेल्या. पैसा कसा मिळवावा हे शिकवणाऱ्या लेखकाला त्याच्याच पुस्तकाचा पैसा मिळू नये, यातली गंमत घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या गावी नसते.

या पुस्तकांची सालं पाहा : १९२६, १९३७, १९४९, १९९७, २०२०. दर वर्षीच्या यादीत हटकून येणारी पुस्तकं आणि त्यातलं सर्वांत जुनं माझ्या आजोबांच्या मुंजीच्या सुमाराचं. कादंबरीला असं आयुष्य क्वचित लाभतं. तरीही आपल्या समीक्षेनं या प्रकाराकडे पाहिलेलं नाही. साहित्य संमेलनाच्या मंडपात 'वाचन का कमी झालं' यावर परिसंवाद चालू असतो आणि बाहेर ग्रंथप्रदर्शनात ही पुस्तकं चाळणाऱ्या पोरांची रांग असते. हे साहित्य नव्हे म्हणून आपण मोकळे होतो. नसेल साहित्य. पण लाखो माणसं जे वाचतात, अधोरेखित करतात आणि त्यावर विसंबून घरचा पैसा हलवतात, त्याच्या लेखनकलेचं काही मोजमाप तर हवं.

आधी याद्यांबद्दल थोडं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं १९८४ मध्ये सल्ल्याच्या पुस्तकांसाठी वेगळी यादी काढली, कारण ती इतर गंभीर पुस्तकांना यादीबाहेर ढकलत होती. या याद्यांत काही नावांपुढे कट्यारीसारखं एक बारीक चिन्ह असतं. त्याचा अर्थ, या पुस्तकाची घाऊक खरेदी झाल्याचं दुकानदारांनी कळवलंय. हे चिन्ह उगाच आलेलं नाही. १९९५ मध्ये 'बिझनेसवीक'नं उघडकीला आणलं, की ट्रेसी आणि विअर्सेमा या सल्लागारांचं 'द डिसिप्लिन ऑफ मार्केट लीडर्स' यादीत वर नेण्यासाठी त्याच्या हजारो प्रती वेगवेगळ्या दुकानांतून गुपचूप विकत घेतल्या गेल्या होत्या. पुस्तक खपलं म्हणून लेखकाला भाषणाची आमंत्रणं येतात. भाषणांचं मानधन पुस्तकाच्या मानधनाच्या कैक पट असतं. मग पुस्तक खपवण्यावर खर्च करणं हा हिशेबी माणसाला सरळ भांडवली खर्च वाटला, तर त्याच्या धंद्याच्या तर्काला ते धरूनच आहे.

आपल्याकडे हा प्रकार जरा घरगुती. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात पिशवीत घालून दिलेलं पुस्तक, विम्याच्या एजंटाला 'क्लब'मध्ये गेल्याबद्दल मिळालेलं पुस्तक, सेमिनारच्या फीमध्येच धरलेलं पुस्तक. 'रिच डॅड' माझ्याकडे पहिल्यांदा आलं ते असंच. सोसायटीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी 'नुसतं वाचून बघा' म्हणून दिलं आणि आठ दिवसांनी साबण-टूथपेस्टच्या साखळीत सभासद व्हायला एका हॉलवर बोलावलं. नंतर कळलं की अमेरिकेतही या पुस्तकानं पहिली उडी नेटवर्क मार्केटिंगवाल्यांच्या खांद्यावरूनच घेतली होती. पुढे त्याच्या लेखकानं, कियोसाकीनं, त्या धंद्याची भलामण करणारं वेगळं पुस्तकही लिहिलं. गृहस्थ परंपरेला धरूनच होते म्हणायचे.

*

या पुस्तकप्रकाराची वंशावळ लांबची आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७५८ साली आपल्या पंचांगाच्या प्रस्तावनेत काटकसरीच्या म्हणी एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातल्या, तिथून ती धरता येते. १८५९ मध्ये सॅम्युएल स्माइल्सचं 'सेल्फ हेल्प' आलं आणि पहिल्याच वर्षी वीस हजार प्रती खपल्या. मराठीही फार मागे नव्हती. लोकहितवादींचं 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चं. पण त्या पुस्तकाचा प्रश्न वेगळा होता : देशाचा पैसा कुठे जातो? माझा पैसा कुठे जातो हा प्रश्न मराठी पुस्तकात यायला बराच काळ लागला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्यातून धंदा करणं ही कमीपणाची गोष्ट नाही, हे मराठी पांढरपेशाच्या गळी उतरवायला सुरुवात झाली. खर्च कसा आवरावा हे मात्र आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या म्हणी पाहा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, थेंबे थेंबे तळे साचे. सगळ्या राखायच्या. साचलेल्या तळ्याचं पुढे काय करायचं, याबद्दल म्हणी गप्प आहेत. ही गप्प जागाच या आयात पुस्तकांनी काबीज केली.

क्लासनचं बॅबिलॉन ही मुळात बँका आणि विमा कंपन्यांनी गिऱ्हाइकांना वाटलेली पत्रकं होती. त्यांचं पुस्तक झालं. म्हणजे या प्रकारातलं बहुधा सर्वांत निरागस पुस्तकही जाहिरातीच्याच पोटी जन्मलेलं. पण त्यातली कारागिरी चोख आहे. उंट, रथ, मातीच्या विटांवर कोरलेली कर्जं, आणि एकच सल्ला : मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःला दे. मिळकतीतून सर्वांत आधी बाजूला काढायचा हिस्सा कुठलाही मराठी शेतकरी बियाण्याच्या रूपानं ओळखतो, म्हणून ते पुस्तक इथं परकं वाटत नाही. हिलचं 'थिंक अँड ग्रो रिच' याच्या अगदी उलट. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं आपल्याला बोलावून यशाचं रहस्य शोधायचं काम सोपवलं, असा हिलचा दावा. कार्नेगी १९१९ मध्ये वारला आणि हिलनं ही हकिकत छापली ती त्याच्या पश्चात. कार्नेगीच्या बाजूनं या भेटीला दुजोरा देणारा कागद आजवर सापडलेला नाही. पुस्तकात पैशाबद्दल ठोस असं फार थोडं आहे. इच्छा पुरेशी तीव्र केली की धन येतं, एवढंच. नवसाचा मामला, फक्त देवाच्या जागी अंतर्मन बसवलेलं. मंदीच्या ऐन काळात हे पुस्तक का खपलं हे समजतं. आजही ते का खपतं, हे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून एक फेरी मारली की समजतं.

*

आता 'रिच डॅड'. या पुस्तकाला हसणं सोपं आहे आणि मीही अनेक वर्षं हसलो. पण कला म्हणून पाहिलं तर त्याची रचना पक्की आहे. नऊ वर्षांचा मुलगा, दोन बाप. एक सख्खा : शिकलेला, सरकारी नोकरीत, महिनाअखेर ओढाताण. दुसरा मित्राचा बाप : फारसं न शिकलेला, दुकानं-इमारतींचा मालक. प्रत्येक प्रश्नावर दोघांची दोन उत्तरं. कीर्तनकाराला हे तंत्र शिकवावं लागत नाही. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान संपता संपता सिद्धान्त पुन्हा श्रोत्याच्या पदरात. त्यात चौकोन काढून दाखवलेली ती आकृती : खिशात पैसा घालते ती मत्ता, खिशातून काढते ते देणं. म्हणून राहतं घर ही मत्ता नव्हे. गृहकर्जाच्या वीस वर्षांच्या हप्त्यांना गृहप्रवेशाचा हार घालणाऱ्या मध्यमवर्गाला हे वाक्य कानाखाली बसल्यासारखं वाटतं. हिशेबशास्त्राच्या व्याख्येत ते बसत नाही, पण हादरा देण्यापुरतं त्यात तथ्य आहे.

अडचण पुढे सुरू होते. हा श्रीमंत बाप कोण, याचा छडा लावू पाहणाऱ्यांना कियोसाकीनं एका मुलाखतीत हॅरी पॉटरचा दाखला देऊन वाटेला लावलं होतं. तो खरा नसेल तरी काय बिघडलं, असा एकूण सूर. बोधकथेत काहीच बिघडत नाही. इसापाच्या कोल्ह्याचा पत्ता कुणी विचारत नाही. पण पुस्तक आत्मकथनाच्या वेशात विकलं जातं, आणि वाचक आपली जमापुंजी हलवतो ती या माणसानं खरंच असं केलं या विश्वासावर. दुसरीकडे, गरीब बाप मात्र पक्का खरा होता. राल्फ कियोसाकी हे हवाई राज्याचे शिक्षणप्रमुख होते. १९७० मध्ये ते उपराज्यपालपदाची निवडणूक लढले आणि हरले. राज्यभरच्या शाळांची जबाबदारी वाहिलेल्या माणसाला मुलानं 'गरीब बाप' हे टोपणनाव दिलं आणि जगभर कोट्यवधी प्रतींतून ते खपवलं. आख्यानासाठी खोटा बाप मोठा करायचा तर खरा बाप छोटा करावाच लागतो.

आणखी एक तपशील मला कायम बोचतो. मूळ पुस्तकावर शेरॉन लेक्टर हे सहलेखिकेचं नाव होतं. त्या पेशानं हिशेबतपासनीस. २००७ मध्ये दोघांची भागीदारी फुटली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि नंतरच्या आवृत्त्यांवरून त्यांचं नाव गेलं. पैशाच्या पुस्तकातून अकाउंटंट गेला आणि गोष्ट सांगणारा उरला. २०१२ मध्ये कियोसाकीच्या एका कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. सेमिनार भरवणाऱ्या एका संस्थेला सुमारे २.४ कोटी डॉलर देण्याचा कोर्टाचा निकाल विरोधात गेला होता. कायद्याच्या चौकटीत हे सगळं बसतं. पुस्तकात तो शिकवतो तेच : मत्ता कंपनीच्या नावानं ठेवा, स्वतःच्या नाही.

हे पुस्तक वाचताना मला दर वेळी एक मराठी पुस्तक आठवतं, आणि ते पैशाचं पुस्तक म्हणून कुणी कधी वाचलेलं नाही. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही', १९९३ चं. तेही तडाखेबंद खपलं, कितीतरी भाषांत गेलं. इथला बाप म्हणजे दामोदर रुंजाजी जाधव, गाव सोडून मुंबईत आलेले, रेल्वेत आणि पोर्ट ट्रस्टमध्ये हातानं काम केलेले. कियोसाकीच्या मापानं गरीब बापाच्याही खालचा. आणि मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ. पैसा काय आहे हे कियोसाकीपेक्षा या मुलाला निश्चितच जास्त कळत होतं, आणि त्यानं बापाची गोष्ट सांगताना एकदाही बापाला धड्यातलं वाईट उदाहरण केलं नाही. जाधवांच्या घरात संपत्ती एका पिढीत आली ती शिक्षणातून आणि पगारातून, म्हणजे कियोसाकी ज्याला उंदरांची शर्यत म्हणून हिणवतो त्याच वाटेनं. ज्याला पगारी नोकरीचं दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं, त्याच्यासाठी ती नोकरी हेच पहिलं भांडवल. 'नोकरी सोडा, धंदा करा' हा उपदेश खिशात आधीच नोकरी असलेल्याला परवडतो. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून अजून कुणी परीक्षण लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि लिहिलं गेलं तर ते अर्थशास्त्राच्या वर्गातही लावावं.

*

कथेकडून पुराव्याकडे वळलं की व्यवस्थापनाच्या पुस्तकांची पाळी येते. यांचा रुबाब वेगळा : आकडे, आलेख, पाच-पाच वर्षांचं संशोधन. १९८२ च्या 'इन सर्च ऑफ एक्सलन्स'नं उत्कृष्ट कंपन्या निवडल्या, आणि दोनच वर्षांत 'बिझनेसवीक'नं त्यातल्या अडचणीत आलेल्यांची नावं मुखपृष्ठकथेत मांडली. जिम कॉलिन्सचं 'गुड टू ग्रेट' २००१ चं. हजाराहून जास्त कंपन्या चाळून अकरा 'महान' ठरवल्या. त्यांपैकी 'फॅनी मे' २००८ च्या सप्टेंबरात सरकारी ताब्यात गेली आणि 'सर्किट सिटी'नं त्याच नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. सातशे सावजं निसटलेली आणि सात लागलेली असताना शिकाऱ्यानं सातांचाच फोटो भिंतीवर लावावा, तसा हा प्रकार. यशस्वी ठरलेल्यांच्या सवयी जमवायच्या आणि त्या सवयींमुळेच ते यशस्वी झाले म्हणायचं. त्याच सवयी असूनही बुडालेल्यांकडे कुणी मुलाखत घ्यायला जात नाही. आपल्याकडे शिवरायांना मॅनेजमेंट गुरू आणि चाणक्याला सीईओ करणारी पुस्तकं निघतात, त्यांना निदान एक सोय आहे. त्यांचे नायक पुढच्या तिमाहीत बुडत नाहीत.

पण या खात्यातली माझी आवडती गोष्ट इलिनॉयमधल्या बिअर्ड्सटाउन या छोट्या गावची. तिथल्या बायकांनी गुंतवणूक मंडळ काढलं होतं. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त जमलेल्या पैशांतून शेअर घ्यायचे. चहा, केक, शेअर. १९९४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि दहा वर्षांत वर्षाला सरासरी २३.४ टक्के परतावा मिळवल्याच्या दाव्यावर ते अमेरिकाभर गाजलं. मोठमोठ्या फंड व्यवस्थापकांना आज्यांनी हरवलं, याहून गोड बातमी कुठली? १९९८ मध्ये एका पत्रकाराला संशय आला, मग हिशेबतपासणी झाली, आणि खरा परतावा निघाला ९.१ टक्के. त्या काळात बाजाराचा निर्देशांक वर्षाला सरासरी १४.९ टक्क्यांनी वाढला होता. चूक अशी की सभासदांनी दर महिन्याला भरलेली वर्गणीसुद्धा नफ्यात मोजली गेली होती. आमच्या वाड्यातली भिशी चालवणारी कोणतीही काकू ही चूक पकडती. यात लबाडी कुणाचीच नव्हती, आणि प्रकाशकापासून वाचकापर्यंत कुणालाच वर्गणी आणि नफा वेगळे काढून पाहावेसे वाटले नाहीत. गोष्ट इतकी गोड होती.

*

या पार्श्वभूमीवर मॉर्गन हाउझेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' वाचताना आधी सुटकेचा निःश्वास सुटतो. पेशानं स्तंभलेखक असलेल्या या माणसाला वाक्य कुठे थांबवावं ते कळतं. छोटी प्रकरणं, एका प्रकरणात एक मुद्दा. पैशाच्या पुस्तकांच्या लेखनात खरी प्रगती कुठे झाली असेल तर ती इथं : श्रीमंत कसं व्हावं याऐवजी आहे ते कसं टिकवावं, आणि नशीब नावाची गोष्ट असते हे लेखकानं उघड कबूल करणं. सुरुवातीलाच तो दोन माणसं समोर ठेवतो. व्हरमाँटचा रोनाल्ड रीड पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त करायचा, दुकानात झाडू मारायचा. २०१४ मध्ये ब्याण्णव्या वर्षी वारला तेव्हा त्याच्याकडे ऐंशी लाख डॉलर निघाले, त्यातला मोठा भाग त्यानं गावच्या रुग्णालयाला आणि ग्रंथालयाला ठेवला. दुसरा रिचर्ड फ्युस्कोन, हार्वर्डला शिकलेला, मेरिल लिंचमधला बडा अधिकारी, प्रचंड घरासाठी कर्ज काढून २००८ नंतर दिवाळखोर. कियोसाकीसारखीच जोडी, पण दोघंही खरे, आणि फरक शिक्षणाचा नसून स्वभावाचा.

मात्र सगळं स्वभावावर आणलं की एक सोय होते. मग पगार, भाडं, दवाखान्याचं बिल यांच्याबद्दल बोलावं लागत नाही. रीडनं शेअर धरून ठेवले हे खरं. ते दशकानुदशकं धरून ठेवण्याजोगा शेअर बाजार त्याच्या देशात होता, हेही तितकंच खरं. आणि चक्रवाढीचं ते प्रसिद्ध प्रकरण! वॉरन बफेच्या ८४.५ अब्ज डॉलरपैकी ८४.२ अब्ज पन्नाशीनंतरचे. इंग्रजीत वाचताना हा शब्द चमत्कारासारखा येतो. मराठी अनुवादात 'चक्रवाढ' शब्द आला की माझ्या अंगावर वेगळाच काटा येतो. या भाषेत चक्रवाढ शतकानुशतकं सावकाराच्या वहीत राहिली आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं बाहेर काढून जाळली, ती याच चक्रवाढीची होळी होती. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, ही दामदुपटीची जुनी चालही इथलीच, आणि इंग्रजांच्या कोर्टांनीही मुंबई इलाख्यात ती मानली. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, आणि त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली ही कथा मराठी माणसाला इतकी प्रिय का, याचंही उत्तर इथंच आहे.

गणित दोन्हीकडे तेच. तुम्ही वहीच्या कुठल्या पानावर आहात, जमेच्या की नावेच्या, एवढाच प्रश्न. आणि आजही क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते तेव्हा माणूस नावेच्याच पानावर असतो. अनुवादकाला हे दिसत नाही असं मी म्हणत नाही, पण अनुवादाला ते सांगायची मुभा नसते. जे करायची मुभा होती तेही मात्र झालेलं नाही. या अनुवादांतून 'ॲसेट', 'लायबिलिटी', 'कॅशफ्लो', 'फायनान्शियल फ्रीडम' असे शब्द खड्यांसारखे दाताखाली येतात. ज्या भाषेत कीर्द आणि खतावणी, रोजमेळ, जमा-नावे, येणं-देणं, मुद्दल आणि उधारी हे शब्द दुकानाच्या फळीवर पडून आहेत, जिच्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री हिशेबाच्या वहीला हळद-कुंकू लागतं, त्या भाषेत कियोसाकीच्या चौकोनांना येणं आणि देणं म्हणायला काय हरकत होती? 'ॲसेट' वाचून मुलगा प्रभावित होतो. 'येणं' वाचून तो आपल्याला कोण किती देणं लागतो ते आठवू लागला असता.

*

दरम्यान वाचक बदलला. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींवर. टाळेबंदीत घरात बसलेली माणसं, हातात फोन, ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली 'स्कॅम १९९२' ही मालिका. ती ज्यावर बेतली ते सुचेता दलाल आणि देबाशिस बसू यांचं 'द स्कॅम' १९९३ मध्ये आलं तेव्हा बँकांच्या कागदपत्रांचा माग काढणारं शोधपुस्तक होतं. पडद्यावर आलं तेव्हा शेअर दलाल हर्षद मेहताच्या या मालिकेचं संगीत लोकांच्या फोनची रिंगटोन झालं. पुस्तकं मागोमाग आलीच. आता पदपथावर ऑप्शन ट्रेडिंगची, मेणबत्तीच्या आलेखांची मराठी पुस्तकं असतात, काहींवर 'घरबसल्या' हा शब्द मोठ्या टायपात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख. या ९३ टक्क्यांपैकी एकाचंही पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. प्रकाशक म्हणतील, तोट्याचं पुस्तक कोण घेणार? पण मराठीत शोकांतिका खपत नाहीत असं कुणी सांगितलं?

भारतीय पैशाबद्दल भारतीय परिस्थितीतून लिहिलेली पुस्तकं इंग्रजीत तरी आली. मोनिका हलन यांचं २०१८ चं 'लेट्स टॉक मनी' त्यात मला सर्वांत उपयोगी वाटतं, कारण त्यात खलनायक आहे : हसतमुखानं घरी येऊन भलतीच पॉलिसी गळ्यात मारणारा विक्रेता. युलिप पॉलिसींच्या चुकीच्या विक्रीत गुंतवणूकदारांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये गेले असावेत, असा अंदाज मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या त्या सहलेखिका. म्हणजे लेखिकेनं आधी वही तपासली, मग गोष्ट सांगितली. मराठीत आपली ताकद वेगळीकडे लागली. उद्योजकांच्या आत्मकथनात, जिथं विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' अजून वाचलं जातं ते त्यातल्या फसलेल्या आणि सावरलेल्या प्रसंगांमुळे. गिरीश कुबेरांच्या 'टाटायन'सारख्या उद्योगघराण्याच्या इतिहासात. अच्युत गोडबोल्यांच्या 'अर्थात'मध्ये, जिथं अर्थशास्त्र गोष्टीवेल्हाळपणे उलगडतं. ही सगळी पुस्तकं मोठ्या पैशाची. छोट्या पैशाची म्हणून जी निघतात ती बहुतेक फॉर्म कसा भरावा या वळणाची : पॅन घ्या, केवायसी करा, एसआयपी सुरू करा. उपयोगाची, आणि वाचून झाली की रद्दीत जाणारी.

मराठी घराचा पैसा खरोखर ज्या वाटांनी येतो-जातो, त्या वाटा या दोन्ही प्रकारांच्या मधून निसटतात. अर्धा टक्का जादा व्याजासाठी सहकारी बँकेत ठेवलेली निवृत्तीची रक्कम आणि मग एका सकाळी बँकेच्या बंद शटरपुढे जमलेली ज्येष्ठ नागरिकांची रांग. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईनं ती रांग पाहिली आणि त्यानंतर काही महिन्यांनी ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. यातली शिकवण कुठल्या बॅबिलॉनच्या विटेवर मिळणार? सातबाऱ्यावरचं नाव, बहिणीनं दिलेलं हक्कसोडपत्र, लग्नात घातलेलं आणि गहाण पडलेलं सोनं, ऊसबिलाची वाट पाहत थांबलेली फी, दुबईहून दर महिन्याला येणारे आणि गावच्या घराच्या स्लॅबमध्ये जिरणारे पैसे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हे सापडतं. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही अशा नवऱ्याबरोबर घर चालवायचं म्हणजे काय, याचं त्याहून अचूक आणि विनोदी वर्णन मी वाचलेलं नाही. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कर्ज कसं चढतं ते जात आणि कचेरीसकट कळतं. पण ते वाचायला कुणी पदपथावर वाकत नाही, कारण त्या पुस्तकांच्या पाठीवर 'तुमचं आयुष्य बदलेल' असं लिहिलेलं नाही.

परवा 'बॅबिलॉन'ची एक जुनी मराठी प्रत घेतली, साठ रुपयांना. पहिल्या दोन प्रकरणांत पेन्सिलीच्या रेघा, मग एकदम कोरी पानं. मी घेतलेल्या या जातीच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या प्रतीत रेघा याच सुमाराला थांबतात. या प्रतीत मात्र दहाव्या हिश्शाचा सल्ला येतो त्या पानाच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात हिशेब मांडला होता. पगार १८,५००. खोली ४,०००, मेस ३,२००, घरी ६,०००, मोबाइल हप्ता १,४५०, पेट्रोल १,२००, दादाचे २,०००. खाली रेघ, १७,८५०. शिल्लक ६५०. त्याच्याखाली १० टक्के = १,८५०, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.